कोडे मुलाखतीतले, हिशेब पेढीवरचा

महाविद्यालयांतील कॅम्पस मुलाखतींचा हंगाम सुरू झाला, की सांगली-साताऱ्याकडील व्यापारी घरांतून एक नवलाचा प्रश्न ऐकू येतो. मुलगा वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला असतो, मुलगी चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयातून किंवा साताऱ्याच्या धनंजयराव गाडगीळ महाविद्यालयातून पदवीधर झालेली असते. गुण उत्तम असतात, कागदपत्रे चोख असतात. मुलाखतीहून घरी परतल्यावर मात्र ती सांगतात, "विषयातलं फारसं काही विचारलंच नाही. एक कोडं घातलं." मग पेढीवर बसलेले वडील विचारतात, "नोकरीचा आणि कोड्याचा काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे. हळदीचा व्यापार करणाऱ्याने आपल्या दुकानी दिवाणजी नेमताना त्याचे अक्षर पाहिले, आकडेमोड पाहिली, घराण्याची चौकशी केली. कोडे कधी घातले नाही. तरीही थोडे खोलात जाऊन पाहिले, तर या कोड्यांत जे तपासले जाते ते आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या तपासले जात होते, असे माझे मत झाले आहे. बँकेतील नोकरीत आणि निवृत्तीनंतर सराव-मुलाखतींच्या निमित्ताने अनेक उमेदवारांसमोर बसण्याचा योग आला. त्या अनुभवाच्या आधारे ही कोडी कशी सोडवावीत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कशासाठी विचारली जातात, याचा येथे विचार करू.

ही पद्धत आली कोठून?

उमेदवाराला आडवळणाचे प्रश्न विचारण्याची हौस अमेरिकेत बरीच जुनी आहे. थॉमस एडिसन यांनी नोकरीसाठी येणाऱ्या पदवीधरांना दिलेली लांबलचक प्रश्नावली १९२१ मध्ये वृत्तपत्रांत गाजली होती. मात्र ते प्रश्न माहितीचे होते. तर्काचे कोडे घालून हातात घड्याळ धरण्याची रीत ट्रान्झिस्टरचे एक जनक, नोबेल पारितोषिक विजेते विल्यम शॉकली यांच्या नावावर सांगितली जाते. १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मुलाखतींमुळे ही पद्धत जगभर पसरली. रस्त्यावरील मॅनहोलचे झाकण गोल का असते, हा त्यांतील प्रसिद्ध प्रश्न. (चौकोनी झाकण तिरके केले तर आत पडू शकते, गोल झाकण कसेही फिरवले तरी पडत नाही, हे त्याचे एक उत्तर.)

आपल्याकडे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भरतीबरोबर ही लाट आली आणि मुले शकुंतलादेवींची कोड्यांची पुस्तके शोधू लागली. २०११ पासून आयबीपीएस या संस्थेमार्फत सार्वजनिक क्षेत्रातील बँकांची सामाईक परीक्षा होऊ लागली. तिच्या तर्कक्षमतेच्या विभागात गोल टेबलाभोवती आठ जण कसे बसले आहेत, कोण कोणाच्या डावीकडे आहे, असल्या प्रश्नांचे मोठे प्रस्थ आहे. म्हणजे अभियंता असो वा वाणिज्य पदवीधर, कोड्याची वेस ओलांडल्यावाचून आत प्रवेश नाही.

उलट्या बाजूने पाहावे

शॉकली जे कोडे घालीत ते टेनिसचे होते. आपण ते आपल्या मातीतले करून घेऊ. एका गावच्या यात्रेत कुस्त्यांची स्पर्धा आहे. १२७ मल्ल उतरले आहेत. जो हरला तो बाहेर, जो जिंकला तो पुढच्या फेरीत. अखेरचा विजेता ठरेपर्यंत एकूण किती कुस्त्या होतील?

बहुतेक मुले फेऱ्या मोजू लागतात. १२७ ही विषम संख्या, म्हणून पहिल्या फेरीत एकाला पुढे चाल, ६३ कुस्त्या. मग ६४ मल्ल, ३२ कुस्त्या. पुढे १६, ८, ४, २, १. बेरीज १२६. उत्तर बरोबर आहे, पण वाट लांबची आहे. आता विजेत्याकडे पाहणे सोडून हरणाऱ्यांकडे पाहा. प्रत्येक कुस्तीत नेमका एक मल्ल बाद होतो. विजेता एकच उरायचा आहे, म्हणजे १२६ जण बाद व्हायला हवेत. म्हणून कुस्त्या १२६. मल्ल ५०० असते तर कुस्त्या ४९९. कागदपेन्सिलीची गरज नाही.

आपल्याला अनेकान्ताचे संस्कार बालपणापासून मिळतात. वस्तूला अनेक अंगे असतात, एकाच अंगाने पाहून निर्णय करू नये, हे आपण प्रवचनांत ऐकतो. त्या थोर तत्त्वाची तुलना कुस्तीच्या कोड्याशी करणे योग्य होणार नाही, हे खरे. परंतु दुसऱ्या बाजूने पाहण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घरातील मुलाला हे कोडे जड जाऊ नये.

तागडीची तीन उत्तरे

दुसरे कोडे सांगलीच्या मार्केट यार्डातच घडले असावे असे आहे. हळदीची नऊ पोती दिसायला सारखी आहेत. त्यांतील एक थोडे हलके भरले आहे, बाकी आठ नेमक्या सारख्या वजनाची आहेत. वजनमापे नाहीत, फक्त दोन पारड्यांची मोठी तागडी आहे. कमीत कमी किती वेळा तोलून हलके पोते खात्रीने सापडेल?

उमेदवार सहसा चार विरुद्ध चार असे तोलतो आणि एक बाजूला ठेवतो. पारडी समान राहिली तर बाजूचे पोते हलके. पण तसे नशिबाने घडेल. नाहीतर चारांतून पुढे दोन-दोन, मग एक-एक, अशी तीन वेळा तागडी उचलावी लागते. खरे म्हणजे दोन वेळा पुरते. नऊ पोत्यांचे तीन-तीनचे तीन ढीग करावेत. पहिला ढीग एका पारड्यात, दुसरा दुसऱ्यात. ज्या बाजूचे पारडे वर गेले त्या ढिगात हलके पोते आहे. समान राहिली तर ते तिसऱ्या ढिगात आहे. आता तीन पोती उरली. त्यांतील दोन तोला, तिसरे बाजूला ठेवा. उत्तर मिळाले.

यातील मर्म असे की तागडी दोन नव्हे, तीन उत्तरे देते: डावे जड, उजवे जड, दोन्ही समान. बाजूला ठेवलेला ढीगसुद्धा न तोलता तोलला जातो. एका तोलण्यात तीन शक्यता वेगळ्या होतात, दोन तोलण्यांत तीन गुणिले तीन म्हणजे नऊ, तीन तोलण्यांत सत्तावीस. म्हणून कोणी "नऊऐवजी दहा पोती असतील तर?" असे विचारले, तर तोलून पाहण्याआधीच सांगता येते, की दोन वेळा पुरणार नाही. ज्याला मर्म कळले त्याला आकडा बदलल्याने फरक पडत नाही. ज्याने उत्तर पाठ केले आहे तो मात्र दहाव्या पोत्याशी अडखळतो.

अटीतला प्रत्येक शब्द मोलाचा

तासगावच्या बेदाण्याचे तीन खोके आहेत. एकात सर्व हिरवा बेदाणा, एकात सर्व काळा, एकात मिश्र. तिन्हींवर चिठ्ठ्या लावल्या आहेत, पण तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या आहेत. तुम्ही एकाच खोक्यात न पाहता हात घालून एकच बेदाणा काढायचा आणि तिन्ही खोक्यांत काय आहे ते सांगायचे. हात कोणत्या खोक्यात घालाल?

या कोड्याची किल्ली "तिन्ही" या शब्दात आहे. "मिश्र" अशी चिठ्ठी असलेल्या खोक्यात मिश्र माल असूच शकत नाही. म्हणजे त्यात निव्वळ हिरवा किंवा निव्वळ काळा. तेथून एक बेदाणा काढा. समजा तो हिरवा निघाला. तो खोका हिरव्याचा ठरला. आता "काळा" चिठ्ठीच्या खोक्यात काळा असू शकत नाही, हिरवा आधीच सापडला, म्हणून त्यात मिश्र. उरलेला, "हिरवा" चिठ्ठीचा खोका काळ्याचा. काळा बेदाणा निघाला असता तरी हाच विचार उलट लावायचा.

चिठ्ठी चुकीची आहे, हीसुद्धा माहितीच आहे. करारपत्र वाचताना "सर्व", "फक्त", "किमान", "पर्यंत" या शब्दांवर बोट ठेवून वाचावे, असे आम्ही कर्जविभागात नव्या सहकाऱ्यांना सांगत असू. हुंडीच्या मजकुरातला एक शब्द चुकला तर काय होते, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. कोडेही तसेच वाचावे: एकदा भरभर, मग एकदा शब्दाशब्दाने.

खर्च कोठे एकत्र करावा

साताऱ्याच्या पश्चिम डोंगराळ भागात, पाटण-जावळीकडे, पावसाळ्यात ओढे ओलांडण्यासाठी साकव असतात. असा एक जुना साकव आहे. एका वेळी दोघांचाच भार तो सोसतो. रात्र आहे, कंदील एकच, आणि कंदिलावाचून पाऊल टाकणे अशक्य. चौघांना पलीकडे जायचे आहे. तरुणाला साकव ओलांडायला १ मिनिट लागते, त्याच्या बहिणीला २, वडिलांना ५ आणि आजोबांना १०. दोघे बरोबर चालले तर संथ चालणाऱ्याच्या गतीने जायचे. कमीत कमी किती मिनिटांत सर्व जण पलीकडे पोहोचतील?

मनात पहिला विचार येतो तो असा: सर्वांत चपळ तरुणानेच प्रत्येकाला पोहोचवावे. बहिणीबरोबर २, परत १, वडिलांबरोबर ५, परत १, आजोबांबरोबर १०. एकूण १९. विचार नीटनेटका वाटतो, पण तो सर्वांत स्वस्त नाही. यात वडिलांची पाच मिनिटे वेगळी मोजली गेली आणि आजोबांची दहा वेगळी. ते दोघे एकत्र गेले, तर वडिलांची पाच मिनिटे आजोबांच्या दहात सामावून जातील. म्हणून आधी तरुण व बहीण जातील: २. तरुण कंदील घेऊन परतेल: १. मग वडील आणि आजोबा एकत्र: १०. पलीकडे थांबलेली बहीण कंदील घेऊन येईल: २. शेवटी तरुण आणि बहीण पुन्हा: २. एकूण १७.

दोन मिनिटांची ही बचत कोठून आली, हे उमेदवाराला सांगता आले पाहिजे. मोठे खर्च एकमेकांत सामावून घ्यावेत आणि त्यासाठी एखादी उलटी फेरी पत्करावी लागली तरी पत्करावी. गावोगाव माल पोहोचवणाऱ्या व्यापाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

हरवलेले शंभर रुपये

वाणिज्य शाखेच्या मुलांना हमखास घातले जाणारे कोडे असे: तीन मित्र महाबळेश्वरला गेले. खोलीचे भाडे ३,००० रुपये, म्हणून प्रत्येकाने १,००० दिले. नंतर व्यवस्थापकाच्या लक्षात आले की भाडे २,५००च आहे. त्याने ५०० रुपये परत करण्यासाठी नोकराकडे दिले. नोकराने २०० स्वतः ठेवून प्रत्येकाला १०० दिले. म्हणजे प्रत्येकाने ९०० दिले, तिघांचे २,७००. नोकराकडे २००. बेरीज २,९००. मग शंभर रुपये गेले कोठे?

कोठेही गेलेले नाहीत. चूक आहे ती बेरजेत. मित्रांनी दिलेले २,७०० आणि नोकराने ठेवलेले २०० या एकमेकांत मिळवायच्या रकमाच नव्हेत. २,७०० ही नावेची बाजू, आणि ती जमेच्या बाजूला फोडली तर २,५०० गल्ल्यात व २०० नोकराच्या खिशात, अशी तंतोतंत जुळते. मूळ ३,००० चा हिशेब हवा असेल तर गल्ल्यातील २,५००, नोकराकडील २०० आणि मित्रांना परत मिळालेले ३०० मांडावेत. २,७०० मध्ये २०० आधीच आहेत. ते पुन्हा मिळवणे म्हणजे एकच व्हाउचर दोनदा नोंदवणे.

हे कोडे ऐकताच गोंधळणाऱ्या बी.कॉम.च्या मुलाला मी सांगतो, की कागदावर मधोमध रेघ ओढ आणि जमा-नावे मांड. रेघ ओढली की कोडे उरत नाही, हिशेब उरतो.

तेरीज जुळत नाही तेव्हा

संगणक येण्यापूर्वी आमच्या बँकांतील लेजर हाताने लिहिली जात आणि ठरावीक काळाने त्यांची जुळणी होत असे. रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज ही आपल्या पेढ्यांवरची साखळी, तीच तेथे इंग्रजी नावांनी वावरत होती. जुळणीत फरक आला, की हजारो नोंदी पुन्हा पाहण्याऐवजी मुरलेले अधिकारी आधी फरकाच्या आकड्याकडे पाहत.

फरकाला ९ ने भाग जातो काय? जात असेल तर कोणीतरी अंक उलटे लिहिले असण्याची दाट शक्यता. ६३ च्या जागी ३६ पडले तर फरक २७; ९१ च्या जागी १९ पडले तर ७२. कोणत्याही दोन अंकांची अदलाबदल केली तरी फरकाला ९ ने भाग जातोच, कारण दशकाचे स्थान एककाच्या दहापट असते आणि दहातून एक गेला की नऊ उरतात. शून्य गळले तरी हेच घडते: ४५० ऐवजी ४५ लिहिले तर फरक ४०५, म्हणजे नऊ पंचेचाळिसा. फरक सम असेल, तर त्याची निम्मी रक्कम शोधावी. जमेची नोंद नावेला पडली असेल तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो. आणि फरक १०, १०० किंवा १,००० असा आला, तर बहुधा बेरजेतला हातचा राहिला आहे.

ही तर्ककोडीच होती. ती मुलाखतीत एकदा नव्हे, तर पुन्हा पुन्हा, सायंकाळी घरी जाण्याची घाई असताना सोडवावी लागत. तेथे दोन प्रकारची माणसे दिसत. एक, फरक सापडेपर्यंत शांतपणे शक्यता खोडीत जाणारी. दुसरी, फरक किरकोळ आहे म्हणून तो सस्पेन्स खात्यात ढकलून मोकळी होऊ पाहणारी. मुलाखतीतील कोडे घालणारा माणूस, त्याला नीट कोडे घालता येत असेल तर, उमेदवार या दोहोंपैकी कोण आहे तेवढेच पाहत असतो. उत्तर ठाऊक नसता ठोकून दिलेले उत्तर म्हणजे फरक सस्पेन्सला टाकणेच होय.

महावीराचार्यांची थैली

या साऱ्या परदेशी वाटणाऱ्या प्रकाराचे मूळ धागे आपल्याही परंपरेत आहेत, याचा आपल्या तरुणांना फारसा परिचय नसतो. इसवी सनाच्या नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळी महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. मद्रास येथून १९१२ मध्ये प्रा. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केला. पुढे १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद काढला. म्हणजे हा ग्रंथ आपल्या उंबरठ्याशी आलेला आहे. त्यातील उदाहरणे व्याज, सोन्याचा कस, भागीदारी अशा व्यवहारांनी भरलेली आहेत. मिश्रक व्यवहार नावाच्या भागात वाटेत सापडलेल्या थैलीचे उदाहरण आहे. त्याचा आशय असा:

तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची थैली दिसली. पहिला म्हणाला, "ही थैली मला मिळाली, तर तुम्हा दोघांजवळ मिळून जेवढे आहे त्याच्या दुप्पट माझ्याजवळ होईल." दुसरा म्हणाला, "मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या तिप्पट." तिसरा म्हणाला, "मला मिळाली तर पाचपट." तर प्रत्येकाजवळ किती आणि थैलीत किती?

बीजगणितात चार अज्ञात रकमा मांडून मुले थकतात. येथे एकच गोष्ट पाहावी: थैली कोणालाही मिळो, तिघांचे पैसे आणि थैली मिळून एकूण रक्कम तीच राहते. पहिल्याला थैली मिळाल्यास त्याचे दोन भाग आणि इतर दोघांचा एक भाग, असे एकूण तीन भाग. म्हणजे दुसरा व तिसरा मिळून एकूण रकमेचा एक तृतीयांश. त्याच न्यायाने पहिला व तिसरा मिळून एक चतुर्थांश, आणि पहिला व दुसरा मिळून एक षष्ठांश. एकूण रक्कम २४ धरली, तर या जोड्या ८, ६ आणि ४ होतात. तिन्ही जोड्यांची बेरीज १८. त्यात प्रत्येक व्यापारी दोनदा आला, म्हणून तिघांजवळ मिळून ९. उरलेले १५ थैलीत. आता नवातून एकेक जोडी वजा करा: पहिल्याजवळ १, दुसऱ्याजवळ ३, तिसऱ्याजवळ ५.

ताळा घेऊ. १ आणि १५ मिळून १६, हे ८ च्या दुप्पट. ३ आणि १५ मिळून १८, हे ६ च्या तिप्पट. ५ आणि १५ मिळून २०, हे ४ च्या पाचपट. जुळले. (सर्व रकमा दुप्पट वा तिप्पट केल्या तरी अटी पाळल्या जातात; हे सर्वांत लहान पूर्णांकी उत्तर.) सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या या उदाहरणातली युक्ती, जे बदलत नाही ते आधी शोधावे, आजच्या कोणत्याही कंपनीच्या मुलाखतीत तितकीच उपयोगी आहे.

हे उदाहरण एका सराव-मुलाखतीत घातले, तेव्हा एका मुलीने सोडवण्यापूर्वी विचारले, "सर, पण थैली कोणाची आहे?" सारे हसले. मला मात्र तो प्रश्न उत्तराइतकाच मोलाचा वाटला. न दिलेले घेऊ नये, हे अणुव्रत पाळणाऱ्या घरातील मुलीला तो सुचावा, यात नवल नाही. गणित तिने नंतर व्यवस्थित सोडवले.

"हे मी ऐकले आहे"

येथे एका नाजूक गोष्टीकडे वळावेसे वाटते. आज बाजारात आणि मोबाईलवर अशा कोड्यांचे उत्तरांसह संच सहज मिळतात. मुले ते पाठ करतात. मुलाखतीत ओळखीचे कोडे आले, की काही मुले कपाळाला आठ्या घालून विचार करीत असल्याचे नाटक करतात आणि अर्ध्या मिनिटाने पाठ केलेले उत्तर जणू आत्ताच सुचले अशा थाटात सांगतात. काही शिकवणीवर्ग तर हे नाटकही शिकवतात.

पालकांनी याकडे दुर्लक्ष करू नये. समोरचा माणूस अनुभवी असेल तर एक आकडा बदलून तो हे नाटक क्षणात उघडे पाडतो. परंतु तो उघडे पाडील म्हणून नव्हे, तर ते असत्य आहे म्हणून ते टाळावे. उमेदवाराने सरळ सांगावे: "सर, हे कोडे मी पूर्वी वाचले आहे. उत्तर सांगू, की दुसरे विचारता?" असे सांगणारा उमेदवार आमच्या मंडळासमोर आला, तेव्हा त्याचे गुण कमी झाल्याचे मला आठवत नाही. ज्याच्या हाती उद्या दुसऱ्याचा पैसा सोपवायचा आहे, त्याच्याविषयी याहून चांगली माहिती कोणते कोडे देऊ शकेल? आपल्या समाजाची बाजारातली पत शब्दावर उभी राहिली आहे. एका नोकरीसाठी ती पणाला लावण्याइतकी कोणतीही नोकरी मोठी नाही.

कोडे म्हणजे लायकीचा दाखला नव्हे

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गूगल कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले, की अशा कोड्यांवरून उमेदवार पुढे काम कसे करील याचा काहीही अंदाज बांधता येत नाही. विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचे समाधान तेवढे मिळते. या कबुलीनंतरही कोडी बंद झालेली नाहीत. परंतु कोडे सुटले नाही म्हणून खचून बसलेल्या मुलांना ती अवश्य सांगावी.

विशेषतः मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यातून तिचा वटवृक्ष केला. त्यामुळे खेड्यापाड्यांतील कितीतरी घरांत पहिला पदवीधर निर्माण झाला. अशा घरातील मूल इंग्रजीतून विचारलेले कोडे आधी मनात मराठीत आणते, मग सोडवते, मग इंग्रजीत मांडते. त्याला वेळ लागतो तो बुद्धीचा नव्हे, भाषांतराचा. त्याने संकोच न करता एक मिनिट मागून घ्यावे आणि कागदावर मराठीतच टिपण करावे. त्याला कोणी हसत नाही.

घरी काय करावे

सायंकाळचे जेवण आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी आटोपते. त्यानंतरचा अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवून मुलांबरोबर एक कोडे घ्यावे. उत्तर कोणी पटकन सांगितले यापेक्षा कसे काढले हे विचारावे. थोड्या गोष्टी सवयीच्या झाल्या म्हणजे पुरे:

१. कोडे आपल्या शब्दांत परत सांगावे. निम्मे गैरसमज तेथेच मिटतात.

२. मोठा आकडा असेल तर आधी लहान घेऊन पाहावे. १२७ मल्लांऐवजी चार मल्ल घ्या, मार्ग दिसतो.

३. डोक्यात धरून ठेवू नये. कोष्टक मांडावे, रेघ ओढावी.

४. विचार मोठ्याने बोलावा. मुलाखत घेणाऱ्याला मनातले दिसत नाही.

५. माहिती अपुरी असेल तर गृहीतके स्पष्ट सांगावीत. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये रोज किती कप चहा प्यायला जातो, असे विचारले तर "वस्ती सुमारे पाच लाख, त्यांतील साडेतीन लाख चहा पिणारे, प्रत्येकी दोन कप, म्हणून सात लाख कप" असे टप्प्याटप्प्याने मांडावे. येथे आकड्यापेक्षा टप्पे तपासले जातात.

६. उत्तर आल्यावर ताळा घ्यावा. ताळ्यावाचून उत्तर म्हणजे सहीवाचून चेक.

७. येत नसेल तर कोठपर्यंत आलो ते सांगून थांबावे.

आजी-आजोबांनाही या बैठकीत ओढावे. खतावणी मांडून ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांच्यापाशी अशी कोडी कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक असतात. आपण ती कधी विचारली नाहीत, एवढेच.

सुरुवात करण्यासाठी हे एक घ्यावे. दिवाणजींनी रोजकीर्दीतील एक दोन अंकी रक्कम खतावणीत उतरवताना अंक उलटे लिहिले. त्यामुळे खतावणीत ५४ रुपये कमी भरले. मूळ रकमेतील दोन अंकांची बेरीज १० आहे. तर मूळ रक्कम किती? उत्तर मी येथे देत नाही. नवाचा नियम वर सांगितला आहे. बाकीचे आज रात्री घरातल्या सर्वांत धाकट्याकडून काढून घ्यावे.